न्यूरोसायन्समधील पीएच.डी.: नोकरी सांभाळून पार्किन्सन्सवर काम करावे, की पूर्णवेळ संशोधन संस्थेत जावे?

सदाफुली (धागालेखिका)

सर्वांना नमस्कार.

मी विदर्भातील एका फार्मसी महाविद्यालयात फार्माकॉलॉजी शिकवते. एम.फार्म. होताच नोकरी मिळाली, मग लग्न आणि मुलगी, या ओघात पीएच.डी. राहून गेली. आता मेंदूच्या विकारांवर, त्यातही पार्किन्सन्सवर, काम करायचे हे पक्के केले आहे. अडले आहे ते कुठे आणि कोणत्या पद्धतीने करायचे यावर.

एक मार्ग असा की विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षा, देऊन आणि महाविद्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्धवेळ नोंदणी करायची. मार्गदर्शक तयार आहेत आणि विषयही त्यांनी जवळजवळ ठरवून दिला आहे: रॅटना रोटेनोन हे विष देऊन पार्किन्सन्ससारखी लक्षणे निर्माण करायची आणि आपल्या भागातील एका वनस्पतीचा अर्क दिल्याने ती कमी होतात का हे तपासायचे. प्राणीगृह आमच्याकडेच आहे, नोकरीला धक्का लागत नाही आणि पदवी मिळाली की बढतीची वाट मोकळी होते. दुसरा मार्ग म्हणजे नोकरी सोडायची, फेलोशिप मिळवायची आणि बंगळूर, मानेसर, मुंबई किंवा पुण्यातील एखाद्या संस्थेत पूर्णवेळ जायचे. घरच्यांनी ‘तू ठरव’ असे म्हटले आहे, आणि त्याचा अर्थ काय होतो हे इथल्या बऱ्याच जणींना ठाऊक असेल.

एम.फार्म. झालेल्यांना जीवशास्त्राच्या संस्था घेतात का? फेलोशिपवर घर चालते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, वर सांगितलेला विषय पीएच.डी.साठी पुरेसा वजनदार आहे का, की त्यातून केवळ पदवी पदरात पडेल?

दीर्घिका

तिसऱ्या प्रश्नावर इथले ज्येष्ठ बोलतीलच. मी पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहिते, कारण याच चक्रातून मी नुकतीच गेले आहे.

एम.फार्म. ही अडचण नाही. मुंबईची टीआयएफआर आणि बंगळूरची एनसीबीएस या संशोधन संस्थांच्या प्रवेशासाठी जी ‘जेजीबिल्स’ परीक्षा होते, तिला फार्मसी, पशुवैद्यक, अभियांत्रिकी अशा उपयोजित शाखांचे पदवीधरही बसू शकतात. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जीवशास्त्राचा पेपर बी.फार्म. झालेल्यांनाही देता येतो. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन फेलोशिपसाठी वयोमर्यादा असते, परंतु महिलांना त्यात पाच वर्षांची सवलत मिळते. त्यामुळे तिशी ओलांडली म्हणून दार बंद झाले असे समजू नका, फक्त त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः नीट वाचा. २०२४पासून नेटचे गुण विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात, आणि त्यात ७० टक्के भार परीक्षेला आणि ३० टक्के मुलाखतीला असतो.

पैशांचे सांगायचे तर १ जानेवारी २०२३पासून जेआरएफ दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर वरच्या टप्प्याची एसआरएफ ४२,००० रुपये अशी रक्कम आहे. वसतिगृहात राहत नसल्यास घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. कागदावर हे बरे दिसते. प्रत्यक्षात फेलोशिप दरमहा पगारासारखी येईलच याची खात्री धरू नये. काही महिने रखडते आणि मग एकदम जमा होते. बंगळूरमध्ये मुलीसह राहणार असाल तर सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच नोकरीचा राजीनामा द्या.

मुदतीचा नियमही माहीत असावा. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीनुसार पीएच.डी. किमान तीन आणि कमाल सहा वर्षांत पूर्ण करायची असते. पुनर्नोंदणीने दोन वर्षे वाढतात आणि महिलांना त्यावर आणखी दोन वर्षे मिळू शकतात. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे ही अट या नियमावलीने काढली आहे, मात्र अनेक संस्थांनी ती स्वतःच्या नियमांत कायम ठेवली आहे.

अनुस्वार

मी बंगळूरला पीएच.डी. केली आणि सध्या जर्मनीत पोस्टडॉक म्हणून काम करतो. विषयाबद्दल स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

रोटेनोन हे मॉडेल वाईट नाही. ते पेशीतील मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीतील पहिल्या संकुलाला अडवते, आणि पार्किन्सन्सच्या रुग्णांत याच संकुलाचे काम मंदावलेले आढळते. २००० साली अटलांटातील एका गटाने रॅटना दीर्घकाळ रोटेनोन देऊन डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या चेतापेशी मरतात आणि उरलेल्यांत अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या गाठी तयार होतात, असे दाखवले होते. परंतु हेच मॉडेल अतिशय लहरी आहे. एकाच मात्रेने काही प्राणी मरतात, काहींना यकृताचा आणि पोटाचा त्रास होतो, आणि काहींच्या मेंदूला जवळजवळ काहीच होत नाही. अशक्त झालेला प्राणी रोटारॉडवरून, म्हणजे फिरत्या दांड्यावरून, पडतो तेव्हा तो पार्किन्सन्समुळे पडला की विषबाधेने गळून पडला, हे केवळ वर्तन पाहून सांगता येत नाही.

आपल्याकडच्या अशा कित्येक प्रबंधांत मात्र एवढ्यावरच थांबतात. कॅटालेप्सी, रोटारॉड, ओपन फील्ड या वर्तनाच्या चाचण्या घ्यायच्या, मग मेंदू काढून एसओडी, कॅटालेज, ग्लुटाथिऑन आणि एमडीए ही ऑक्सिडेशनच्या ताणाची मापे मोजायची, शेवटी मेंदूच्या रंगवलेल्या कापांची एक-दोन चित्रे जोडायची आणि ‘अर्काने चेतापेशींचे संरक्षण होते’ असा निष्कर्ष काढायचा. संरक्षण झाले असे म्हणायचे असेल तर सब्स्टान्शिया नायग्रा या मेंदूच्या भागातील टायरोसिन हायड्रॉक्सिलेज (डोपामिन बनवण्यासाठी लागणारे विकर) असलेल्या पेशी मोजाव्या लागतात, आणि तेही नजरेच्या अंदाजाने नव्हे, तर स्टिरिऑलॉजीच्या, म्हणजे कापांवरून एकूण पेशींची संख्या काढण्याच्या, पद्धतीने आणि कोणता प्राणी कोणत्या गटातला हे मोजणाऱ्याला ठाऊक नसताना.

याहून मोठा दोष प्रयोगाच्या आखणीत असतो. बहुतेक वेळा अर्क आधी सुरू करतात आणि विष नंतर देतात. माणसाच्या बाबतीत क्रम उलटा असतो: हाताला कंप सुटून रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचतो तेव्हा त्या भागातील निम्म्याच्या आसपास पेशी आधीच गेलेल्या असतात. प्राण्यांत उत्तम ठरलेले क्रिएटिन सतराशेहून अधिक रुग्णांना देऊन पाहिले, आणि उपयोग दिसत नाही म्हणून ती चाचणी २०१३ मध्ये थांबवावी लागली. कोएन्झाइम क्यू-टेन या अँटिऑक्सिडंटचेही तसेच झाले. त्यामुळे ‘आणखी एक अँटिऑक्सिडंट’ हा विषय मी तरी घेणार नाही.

पैलतीर

सदाफुली ताई, मी नागपूरकडचा, फार्माकॉलॉजीचा निवृत्त प्राध्यापक आहे आणि असे काही प्रबंध माझ्याच हाताखाली झाले आहेत. अनुस्वार यांनी सांगितलेले दोष खरे आहेत. विशेषतः आधी अर्क आणि मग विष या क्रमाबद्दल त्यांनी जे लिहिले आहे ते प्रत्येक मार्गदर्शकाने भिंतीवर लावावे. परंतु वनस्पतींवरचे काम म्हणजे दुय्यम काम, असा जो सूर त्यातून निघतो तो मला मान्य नाही, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे.

सर्पगंधा आपल्याकडे वैद्य शतकानुशतके वापरत आले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर केलेली तिची चाचणी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली आणि जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. हेच रेसर्पिन स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना दिले तेव्हा ते ससे निश्चल झाले, आणि ज्यापासून मेंदूत डोपामिन बनते ते एल-डोपा टोचल्यावर पुन्हा हिंडू-फिरू लागले. हा १९५७चा प्रयोग. मेंदूतील डोपामिन हालचालींसाठी आवश्यक आहे ही कल्पना तिथून रुजली. पुढे १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिविझ यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचे मोजून दाखवले, १९६७ मध्ये कोत्झियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत डोपा देण्याची पद्धत बसवली, आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. या साखळीची एक कडी आपल्या मातीतल्या मुळाची आहे.

खाजकुइरीच्या बियांत तर एल-डोपाच असते. लंडनमध्ये आठ रुग्णांवर तिची नेहमीच्या गोळीशी तुलना करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि खाजकुइरीचा परिणाम लवकर सुरू झाल्याचे दिसले. आठ रुग्ण म्हणजे फार थोडे, हे मान्य. पण प्रश्न नेमका होता.

अनुस्वार

पैलतीर सर, कार्लसन यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, असे नम्रपणे सुचवतो. त्यांनी ‘सर्पगंधेचा अर्क’ दिला नव्हता, एक शुद्ध रेणू दिला होता, आणि तो रेणू मेंदूत नेमके काय संपवतो हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. आपल्या प्रबंधांत बहुधा अर्कातील कोणते द्रव्य मेंदूपर्यंत पोहोचते याचाच पत्ता नसतो. रक्तातील बहुतेक द्रव्यांना मेंदूत शिरू न देणारा रक्त-मेंदू अडथळा ओलांडून किती प्रमाण आत गेले हे एचपीएलसी किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री या रासायनिक मोजणीच्या पद्धतींनी मोजले, तर हाच विषय एकदम वेगळ्या पातळीवर जातो. आणि ते मोजण्याचे शिक्षण फार्मसीवाल्यांना जीवशास्त्रवाल्यांपेक्षा जास्त असते.

पैलतीर

हे मात्र शंभर टक्के मान्य.

माळरान

मी सोलापूर भागात न्यूरॉलॉजिस्ट आहे. दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली, केवळ गैरसमज होऊ नये म्हणून: न्यूरोसायन्समधील पीएच.डी.ने रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. तो मार्ग एमबीबीएस, एमडी आणि त्यावर तीन वर्षांचे डीएम असा आहे. ताईंना हे ठाऊक असणारच, पण अशा धाग्यांवर बारावीतली मुले आणि त्यांचे पालकही येतात, आणि मला विचारणाऱ्यांपैकी निम्म्या पालकांना हा फरक माहीत नसतो.

दुसरी, मेंदूच्या विकारांवर संशोधन म्हणजे प्राण्यांवरच काम, असे नाही. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेत १९९५पासून मानवी मेंदूंची पेढी आहे. मृत्यूनंतर दान केलेले मेंदू तिथे जतन केले जातात आणि रीतसर परवानगी घेऊन संशोधकांना ऊतींचे नमुने मिळू शकतात. बंगळूरच्याच सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर परिसरात दहा हजार ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. वय वाढताना स्मृतीत काय बदल होतात हे त्यात पाहिले जाते. काही प्रश्न तर आपल्या देशातच विचारता येतात. आमच्याकडे फिट येऊन आलेल्या रुग्णांत न्यूरोसिस्टिसर्कोसिसचे, म्हणजे फीतकृमीच्या अळीने मेंदूत केलेल्या गाठींचे, प्रमाण लक्षणीय असते. युरोपातील विद्यार्थ्याला असे रुग्ण क्वचितच दिसतात. एससीए-१२ हा अनुवंशिक अटॅक्सिया, म्हणजे तोल आणि हालचालींचा ताळमेळ बिघडवणारा विकार, जगात दुर्मीळ आहे, पण उत्तर भारतातील एका समाजगटात तो ठळकपणे आढळला आणि त्यावरचे बरेच काम दिल्लीत झाले.

डोक्यात ‘पार्किन्सन्स’ हे नाव धरून बसण्यापेक्षा आपल्या हाताशी कोणते रुग्ण, कोणत्या ऊती आणि कोणती यंत्रे आहेत ते पाहून प्रश्न निवडावा, असे माझे मत आहे.

तुळशीकट्टा

मी संशोधक नाही, त्यामुळे इथे लिहावे की नाही असा विचार करत होते. माझ्या यजमानांना पार्किन्सन्स आहे आणि आम्ही दोघे पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभांना जातो. वर कंपाबद्दल आणि हालचालींबद्दल बरेच लिहिले गेले आहे, परंतु सभेत चहाच्या वेळी आम्ही शुभंकर (रुग्णांची काळजी घेणारी) मंडळी ज्याविषयी बोलतो ते वेगळेच असते: बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणे आणि ओरडणे, अन्नाचा वास न येणे, संध्याकाळी येणारी उदासी. यजमानांचे बद्धकोष्ठ कंपाच्या कितीतरी वर्षे आधीपासून होते आणि आम्ही ते वयावर आणि जागरणांवर ढकलत होतो. यावर कोणी उंदरांत काम करते का?

अनुस्वार

काकू, तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले, कारण या क्षेत्रातील सर्वांत गाजलेला वाद नेमका इथेच आहे.

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हायको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मृत व्यक्तींच्या मेंदूंचे बारकाईने निरीक्षण करून असे मांडले की अल्फा-सिन्यूक्लिनच्या गाठी सब्स्टान्शिया नायग्रात सुरू होत नाहीत. त्या आधी मेंदूच्या तळाशी, व्हेगस या चेतेच्या केंद्रकात आणि वासाच्या कंदात दिसतात, आणि मग टप्प्याटप्प्याने वर चढतात. व्हेगस आतड्यापर्यंत जाते, त्यामुळे आजाराची सुरुवात आतड्यात होत असावी, असा तर्क पुढे आला. बद्धकोष्ठ, वास जाणे आणि झोपेतले हातपाय झाडणे ही लक्षणे कंपाच्या वर्षानुवर्षे आधी का दिसतात याचे उत्तर त्यात मिळते. डेन्मार्कमधील नोंदींवर आधारलेल्या २०१५च्या एका अभ्यासात, अल्सरसाठी व्हेगसचे मुख्य खोडच कापलेल्या लोकांत पुढे पार्किन्सन्सचे प्रमाण कमी आढळले. सगळे रुग्ण मात्र या साच्यात बसत नाहीत. काहींमध्ये सुरुवात मेंदूतच झालेली दिसते, म्हणून वाद मिटलेला नाही.

आता सदाफुली ताईंसाठी. ड्रेस्डेनमधील एका गटाने २०१० मध्ये माइसना रोटेनोन अगदी अल्प मात्रेत नळीवाटे थेट जठरात दिले. रक्तात ते जवळजवळ उतरले नाही, तरीही अल्फा-सिन्यूक्लिनचा साठा आतड्याच्या चेताजालात, मग व्हेगसच्या केंद्रकात आणि शेवटी सब्स्टान्शिया नायग्रात दिसू लागला. म्हणजे तुमच्या मार्गदर्शकांनी सुचवलेले विष तेच, परंतु देण्याचा मार्ग बदलला की प्रश्नच बदलतो. आतड्यात गाठी दिसू लागल्यानंतर, पण हालचाली बिघडण्यापूर्वी, एखादे द्रव्य दिले तर पुढचा प्रसार थांबतो का? या प्रश्नात औषध नंतर दिले जाते, आतड्यातच काम करायचे असल्याने रक्त-मेंदू अडथळ्याची अडचण उरत नाही, आणि विष्ठेचे प्रमाण व आतड्याची गती मोजायला महागडे यंत्र लागत नाही.

दीर्घिका

हे वाचून ‘पूर्णवेळ की अर्धवेळ’ हा प्रश्न मलाही वेगळा दिसू लागला. ताई, एक व्यावहारिक नियम सांगते. अर्धवेळ पीएच.डी.साठीच्या ना हरकत प्रमाणपत्रात संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळे केले जाईल, हे महाविद्यालयाने लिहून द्यायचे असते. बऱ्याच ठिकाणी ही ओळ केवळ शिक्क्यापुरती असते आणि वर्गांचा भार तसाच राहतो. रोज ठरावीक वेळी प्राण्यांना मात्रा द्यायची असेल, तर परीक्षांच्या काळात आणि सुट्ट्यांत ते कोण करणार हे आजच विचारा.

सदाफुली

सर्वांचे, विशेषतः तुळशीकट्टा काकूंचे, मनापासून आभार.

मी मार्गदर्शकांशी बोलले. जठरातून रोटेनोन देण्याची कल्पना त्यांना आवडली आणि विषय त्याप्रमाणे बदलायला ते तयार आहेत. वनस्पती मात्र त्यांना सोडायची नाही, म्हणून संपूर्ण अर्काऐवजी त्यातील एक प्रमाणित घटक घ्यायचा, अशी तडजोड झाली. नोकरी सध्या सोडत नाही. डिसेंबरची नेट देणार आहे, आणि जेआरएफ मिळाली तर हा निर्णय पुन्हा तपासेन. आता एकच अडचण उरते. पेशी मोजायची स्टिरिऑलॉजीची सोय आमच्या महाविद्यालयात नाही, आणि जवळपासही कुठे दिसत नाही. त्याचे काय करावे?

पैलतीर

त्यासाठी सर्व काम तुमच्या महाविद्यालयातच व्हायला हवे असे नाही. प्राण्याला भूल देऊन हृदयातून पॅराफॉर्माल्डिहाइड सोडून मेंदू स्थिर केला आणि क्रायोस्टॅट या गोठवून काप घेणाऱ्या यंत्रावर काप घेऊन ते क्रायोप्रोटेक्टंट द्रावणात उणे २० अंशांवर ठेवले, की ते अनेक महिने टिकतात आणि प्रवासही करतात. ज्या संस्थेत सोय आहे तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञांना सह-मार्गदर्शक म्हणून घ्यावे. नियमांत त्याची मुभा आहे. फक्त हे सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) सादर करतानाच लेखी करून घ्या. तोंडी ‘पाठवून द्या, बघू’ म्हणणारे पुष्कळ असतात आणि तीन वर्षांनंतर त्यांचे यंत्र हमखास बंद असते.

अनुस्वार

सरांच्या सूचनेला एक जोड. मेंदूबरोबर आतड्याचे तुकडे आणि व्हेगसचे केंद्रक असलेला मेंदूतळाचा भागही त्याच वेळी जपून ठेवा. पुढे परीक्षक नेमके तेच मागतील. एकाच प्राण्याचा मेंदू पेशी रंगवून पाहण्यासाठी आणि रासायनिक मोजणीसाठी सहसा वापरता येत नाही, म्हणून दोन्हींसाठी वेगळे प्राणी लागतील, आणि रोटेनोनने काही दगावतील तेही हिशेबात धरावे लागतील. ही सगळी संख्या, कारणांसह, प्राणी नैतिकता समितीच्या पहिल्याच अर्जात लिहा. मंजूर झालेल्या आकड्यापलीकडे एकही प्राणी वापरायचा असेल तर समितीकडे नव्याने जावे लागते, आणि पुढची बैठक कधी होईल हे कोणी सांगत नाही.